फरशीवरची धामण

ताडोब्याला आलेला पाहुणा जिप्सीत उभा राहून रान बघतो. नजर वाघाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दोन-तीन फुटांवर लावून ठेवलेली. मोहर्लीच्या फाटकातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत ती तिथून खाली उतरत नाही. गाइडचं बोटही तिथंच. त्या नजरेच्या खाली, चार बोटं उंचीचं आणखी एक रान आहे आणि ते ब्रह्मपुरीपासून पार सिरोंच्यापर्यंत पसरलेलं आहे. बफर कुठं संपला, कोअर कुठं लागला, चंद्रपूर जिल्हा सोडून गडचिरोलीत कधी शिरलो, याचा त्याला पत्ता नसतो. सागाची वाळकी पानं एकावर एक पडलेली, वरची वाजणारी, खालची कुजून मऊ झालेली. बांबूच्या बेटांखाली मोडून पडलेल्या कांड्या. मोहाची उघडी पडलेली मुळं, ऐनाच्या सालीचे तुकडे, वारुळांच्या कडा, दरसाल छाटून छाटून जाड झालेले तेंदूचे बुडखे. इथं वीतभरसुद्धा सरळ रेघ ओढता यायची नाही. माणूस पाय उचलतो आणि हे सगळं ओलांडून जातो, म्हणून त्याला ते दिसत नाही. ज्याला पायच नाहीत, त्याला यातून जायचं तर प्रत्येक काटकीशी अंग लावूनच जावं लागतं.

आमच्या झाडीपट्टीत साप दिसणं ही काही बातमी नाही. धानाच्या बांधीत दिवड असते, धुऱ्याच्या बिळात धामण, तणसाच्या ढिगात नाग, कुंपणावरच्या वेलीत हरणटोळ. घोणशीला आमच्याकडे परड म्हणतात आणि ते नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. पूर्वेकडे सरकावं तसा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा पट्टेरी मण्यारही भेटतो, जो उरलेल्या महाराष्ट्राला बहुतेक पुस्तकातच बघावा लागतो. पण इतके साप असूनही साप बघायला मिळतो असं नाही. दिसतो तो शेवटचा हातभर. गवत हलतं, आपण वळतो, तोवर शेपटी आत जात असते. साप चालतो कसा, हे ज्यांच्या अंगणात तो रोज चालतो त्यांनीही नीटसं पाहिलेलं नसतं.

मला ते निवांत बघायला मिळालं, ते सिंदेवाही तालुक्यात, मावसभावाच्या नव्या घरी. जुनं कुडाचं, कवेलूचं घर पाडून त्यानं स्लॅबचं बांधलं होतं आणि हॉलमध्ये तोंड दिसेल अशी फरशी बसवली होती. आषाढातली उघडीप होती, रोवणा चालू होता. भरदुपारी उंदरामागे आलेली धामण मागच्या दारानं आत शिरली आणि हॉलच्या मधोमध येऊन अडकली. अडकली म्हणजे कशात गुंतली नव्हती. उलट गुंतण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. सहा-सात फूट लांब, पाठ पिवळट तपकिरी, शेपटीकडे काळ्या रेषांची जाळी. रानात हीच धामण डोळ्याला मागे टाकते. इथं तिचं अंग जिवाच्या करारावर वळसे घेत होतं आणि ती होती तिथंच होती. वळसा मानेपासून निघायचा, अंगभर वाहत शेपटीपर्यंत पोचायचा, आणि पुढं जाण्याऐवजी सगळं अंगच डावी-उजवीकडे घसरायचं. फरशीवर पोटाच्या खवल्यांचा बारीक सळसळाट तेवढा ऐकू येत होता.

घरातली माणसं दिवाणावर चढली होती. कुणीतरी गावातल्या सर्पमित्राला फोन लावला. रोवण्याला आलेले एक वयस्क मामाजी चिखलाच्या पायांनी अंगणातच थांबले आणि दारातून डोकावून म्हणाले, “तिले रेटालेच काई नाई न जी, कशी जाईल ते?”

सर्पमित्र यायच्या आधी धामणीचं तिनंच निस्तरलं. घसरत घसरत तिची कमर दाराच्या चौकटीच्या कोपऱ्याला लागली. लागली मात्र, तिथं अंगाचा बाक पडला, तो बाक कोपऱ्याला घट्ट बसला आणि पुढचं तीन फूट धड एका झटक्यात ओट्यावर आलं. ओट्याच्या कडेला जळाऊ लाकडं रचलेली होती. त्या ढिगात शिरताना मी तिला अगदी जवळून पाहिलं. डोकं ज्या फटीतून गेलं, त्याच फटीतून अख्खं अंग गेलं, इंचभरही इकडं-तिकडं नाही. एक बाभळीची डहाळी ढिगातून बाहेर आलेली होती. धामणीच्या मानेचा बाक तिला टेकला तेव्हा ती कलली, आणि शेपटी निघून जाईपर्यंत कललेलीच राहिली. हलली नाही, थरथरली नाही. म्हणजे मान पुढं गेली तरी तो बाक तिथंच राहिला होता. अंगाचा पुढचा भाग जागा सोडत होता आणि मागचा येऊन त्याच बाकात, त्याच जोरानं त्या डहाळीला रेटत होता. धामण पुढं वाहत होती आणि तिचा आकार लाकडांमध्ये जागच्या जागी उभा होता.

केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी सापाच्या चालीवरचा आपला निबंध १९४६ साली प्रसिद्ध केला. १९५० मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी लिसमन यांनी साप खुंट्यांमधून जाताना त्यांच्यावर किती जोर देतो, हेही मोजलं. मामाजींच्या वाक्याला त्यांनी आकडे जोडले, असं म्हणायला हरकत नाही. नागमोडी चालणाऱ्या सापाला पुढं जायचं तर बाजूला काहीतरी टेकायला हवं, आणि ते एका ठिकाणी असून भागत नाही. निदान तीन ठिकाणी हवं. दोन टेके रेटा देतात, तिसरा तोल सांभाळतो. वैनगंगेत डोंगा घेऊन निघालेला ढिवर बांबू तळाला टेकवतो आणि रेटतो, जोर मागं जातो आणि डोंगा पुढं. तळ हाती लागला नाही तर बांबू नुसता पाण्यात फिरतो. धामणीचं तेच, फक्त तिचा बांबूही तीच आणि डोंगाही तीच.

म्हणजे ज्याला आपण रानातली अडचण म्हणतो ती सापाला अडचण नव्हे. दगड, बुडखा, मूळ, गवताचा ठोंब, हे सगळं त्याच्या चालण्याचा निम्मा भाग आहे, उरलेला निम्मा त्याच्या अंगात आहे. माणसाच्या पाठीच्या कण्यात ३३ मणके, सापाच्या कण्यात जातीप्रमाणे साधारण दोनशे ते चारशे. दोन मणक्यांमध्ये वाक थोडाच पडतो, पण असे शेकडो थोडे मिळून अंगाचं वेटोळं होतं. इतकं लवचीक शरीर घेऊन गुळगुळीत फरशीवर काय करायचं?

यावरून लगेच माणसाच्या आयुष्याला लागू होणारं एखादं वाक्य काढायचा मोह होतो, ते मी टाळतो. साप कुणाच्या कॅलेंडरवरच्या सुविचारासाठी चालत नाही.

शिवाय गोष्ट इतकी सरळही नाही. बाजूला काहीच टेकायला नसतानाही साप चालतो. नाहीतर मूल-चंद्रपूर रस्ता एकाही सापानं ओलांडला नसता. ते कोडं २००९ साली डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच सोडवलं. सापाच्या पोटावरचे आडवे रुंद खवले मागच्या बाजूला एकमेकांवर चढलेले असतात. खरखरीत जागेवर पुढं सरकताना त्यांचं घर्षण सगळ्यात कमी, मागं जाताना जास्त, आणि आडवं घसरताना त्याहून जास्त. त्यामुळे वळसा घेताना अंग बाजूला निसटण्याऐवजी पुढं जातं. पण त्यासाठी खवल्याच्या कडेला अडकायला पृष्ठभागात बारीक खाचखळगे हवेत. पृष्ठभाग अगदी गुळगुळीत झाला की हा फरकच उरत नाही. त्या मंडळींनी सापाला कापडी झगाही चढवून पाहिला. खवले झाकले गेले आणि साप जागच्या जागी वळवळत राहिला. त्यांना आणखी एक बारकावा दिसला. साप सगळं अंग सारखं टेकवत नाही. वळशाचा काही भाग किंचित उचलतो आणि जिथून रेटा मिळतो तिथं वजन देतो. डांबरी रस्त्यावर या दोन युक्त्यांवर त्याला निभवावं लागतं. निभतं, पण रानातल्या चालीच्या मानानं हळू, आणि रस्त्यावर हळू जाणाऱ्याचं काय होतं ते पावसाळ्यात सकाळी त्या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको.

सगळे साप नागमोडी जातात असंही नाही. उंदराच्या अरुंद बिळात साप अंगाच्या घड्या घालून दोन्ही भिंतींना अडकवतो, पुढचा भाग लांबवतो, मग मागचा ओढून घेतो. कोकणातल्या कातळावरचं फुरसं आडवं आडवं जातं. हरणटोळ दोन फांद्यांमधलं अंतर नुसत्या हवेत अंग ताठ धरून ओलांडतो. अजगर आणि सुस्तावलेली परड मात्र सरळ जातात, एकही वळसा न घेता, कुणीतरी खालून ओढत असल्यासारखी. अजगर फासळ्यांवर चालतो, असं आमच्याकडे सांगतात आणि बऱ्याच पुस्तकांतही ते छापलेलं असायचं. लिसमन यांनी १९५० मध्ये ते खोडून काढलं. फासळ्या चालत नाहीत. फासळ्यांपासून कातडीपर्यंत गेलेले स्नायू पोटाची कातडी पुढं ओढतात, ती जमिनीला धरते, मग आतला सांगाडा त्या कातडीच्या आत पुढं सरकतो. कातडी आणि हाडं जणू दोन वेगवेगळे जीव, एकानं थांबायचं, दुसऱ्यानं जायचं.

या सगळ्या चालींना आमचं जुनं घर फार सोयीचं होतं. कुडाची भिंत म्हणजे काड्या-कामट्यांवर लिंपलेली माती, ती जागोजागी उकललेली. कवेलूचं छप्पर म्हणजे हजार फटी. वर उंदीर, उंदरामागे साप. स्लॅबच्या घरानं भिंत गुळगुळीत केली, पण मोरीचा पाइप, दाराखालची बोटभर फट आणि मागच्या भिंतीला टेकवलेल्या सायकली ही सोय शिल्लक ठेवली. मण्यार त्या फटीतून रात्री येतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो तेव्हा पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, तोवर वेळ गेलेली असते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं मांडला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे आमच्या चिखलणीपासून धान निसवेपर्यंतचे. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि चावलेल्या माणसाला नदीच्या अलीकडचंच औषध मिळालं तर मिळतं. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला. साप चावल्यावर कुठं धावायचं याला त्या भागात तेव्हापासून एक उत्तर तरी आहे. हे सगळं माहीत असलेल्या माणसाला सापाच्या चालीचं कौतुक करताना थोडं अवघडल्यासारखं होतं. मलाही होतं. पण भीती आणि कौतुक एकाच घरात राहू शकतात. धामण गेल्यावर त्या दुपारी दिवाणावरून उतरलेल्या वहिनींनी पहिलं काय विचारलं असेल? “उंदीर सापडला का तिला?”

१९७२ हे साल सापांच्या बाबतीत चमत्कारिक आहे. भारतात त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि टोपलीतल्या नागाची सुटका निदान कागदावर सुरू झाली. त्याच वर्षी टोकियोत शिगेओ हिरोसे यांनी चालणारा पहिला यंत्रसाप तयार केला. दोन मीटर लांब, वीस सांधे. त्यातली खरी अक्कल चाकांमध्ये होती. यंत्राला चाकं होती, पण एकाही चाकाला मोटर नव्हती. मोटरी होत्या त्या फक्त सांधे डावी-उजवीकडे वळवायला. चाक पुढं सहज गडगडतं, आडवं घसरत नाही. पोटाच्या खवल्याचं काम हिरोसेंनी चाकाकडून करून घेतलं होतं. सांधे लाटेसारखे वळत गेले आणि यंत्र आपोआप पुढं निघालं. हू यांच्या प्रयोगातले साप अजून सदतीस वर्षं दूर होते.

मात्र ते सपाट जमिनीवरचं चालणं होतं. त्यानंतर बराच काळ यंत्रं बनवणाऱ्यांनी समोरच्या वस्तूकडे वाहनचालकाच्या नजरेनं बघितलं. दगड दिसला की तो आधी ओळखायचा, मग त्याला बगल द्यायची. चाकाच्या गाडीला हेच शहाणपण आहे. सापाला नाही. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या मंडळींनी २००० नंतरच्या दशकात ही नजर उलटी केली आणि अडथळ्याच्या आधारानं चालणं हाच अभ्यासाचा विषय केला. वस्तूला टाळायचं नाही, शोधायचं. अंगाच्या कोणत्या भागाला काय लागलंय आणि किती जोरात, हे यंत्राला कळावं म्हणून सांध्यासांध्यात स्पर्श मोजणारे सेन्सर बसवायचे, आणि जे लागलंय ते योग्य बाजूला असेल तर रेटायचं. चुकीच्या बाजूला असेल तर? तिथंच यंत्र अडतं. दोन खुंट्यांमध्ये अंग आवळलं जातं, मोटरी कण्हतात, गरम होतात. धामणीला हे होत नाही. तिचं अंग आवळलं गेलं तर ते थोडं सोडतं, थोडं दबतं, निसटतं.

हे सोडणं कुठून येतं, हा मला या सगळ्यातला सगळ्यात सुरस भाग वाटतो. २०१९ मध्ये जॉर्जिया टेकच्या पेरिन शीबेल आणि डॅनियल गोल्डमन यांनी अमेरिकेच्या वाळवंटातला एक छोटा साप खुंट्यांच्या ओळीतून सोडला. खुंटीला धडकल्यावर तो दिशा बदलून बाहेर पडायचा, आणि त्या दिशा वाटेल तशा नव्हत्या. फटीतून गेलेला प्रकाश पडद्यावर ठरावीक पट्टे उमटवतो, तशी त्यांची मांडणी निघाली. हिशेब लावल्यावर दिसलं की धडकल्यावर साप नवा बेत करतच नव्हता. लाट अंगातून चालू होती तशीच चालू राहत होती. खुंटी लागली तिथं अंग आपसूक दबत, वाकत होतं, कारण तेवढ्या वेळात स्नायू एकाच बाजूनं ओढत होता आणि दुसरी बाजू ढिली होती. मेंदूनं करायचं काम अंगाच्या ढिलेपणानं परस्पर उरकलं होतं. २०२३ मध्ये त्याच प्रयोगशाळेच्या मंडळींनी दोन्ही बाजूंनी दोऱ्या ओढून चालणारा एक यंत्रसाप केला आणि त्या दोऱ्या मुद्दाम सैल ठेवल्या. दोऱ्या ताठ असताना खुंट्यांच्या दाटीत अडकणारं यंत्र दोऱ्या बेतशीर सैल केल्यावर निघून गेलं. समोर काय आहे हे कळायची सोय त्यात नव्हतीच.

इथं थोडं थांबून सांगायला हवं की वाळवंटातल्या सापाचं गणित आमच्या रानाला जसंच्या तसं लागू करू नये. वाळूत राहणाऱ्याला खुंट्यांची सवय नसते. सागाच्या पाल्यात वाढलेली धामण वळसे जागेप्रमाणे लहान-मोठे करते, मान वळवून टेका शोधते, हे लाकडांच्या ढिगात मी पाहिलं. पण ती डहाळी एकदाच कलून राहिली, त्यातही कुठंतरी हा ढिलेपणा असणार. कडक अंगानं ती डहाळी मोडली असती.

जॉन्स हॉपकिन्सच्या चेन ली यांच्या प्रयोगशाळेत पायऱ्या चढणारे साप बघितले गेले. पुढचा भाग वरच्या पायरीवर वळसे घेतो, मागचा खालच्या पायरीवर, आणि मधला भाग दोन्हींच्या मध्ये सरळ ताठ राहतो. यंत्रानं तसंच केलं आणि कलंडलं. मग त्यांनी चाकांवर स्प्रिंगा बसवल्या, अंग जमिनीला धरून राहू लागलं आणि कलंडणं कमी झालं. पुन्हा तेच. आधी ताठपणा, मग त्याला लावलेली थोडी नरमाई.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर दर वेळी एकच मिळतं, ढिगाऱ्यासाठी. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, तेव्हा दगड उचलायला हात होते, पण दगडाखाली कोण जिवंत आहे हे बघायला काही नव्हतं. १९ सप्टेंबर २०१७ ला मेक्सिको सिटीत भूकंप झाला, तेव्हा कार्नेगी मेलनचा सोळा सांध्यांचा यंत्रसाप तोंडावर कॅमेरा घेऊन एका कोसळलेल्या इमारतीत शिरला. त्यानं आतली चित्रं पाठवली. जिवंत माणूस त्याला सापडला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर सतरा दिवस अडकले. मोठं ऑगर यंत्र सरळ घुसत गेलं, मलब्यातल्या लोखंडाला अडलं, त्याची पाती आतच गुंतली आणि ती कापून काढावी लागली. शेवटचा टप्पा हातानं खणणाऱ्या खाणमजुरांनी केला. त्या सतरा दिवसांत सरळच जाता येणारं यंत्र आणि अंग चोरून जाणारा माणूस अशी दोन टोकं दिसली. मधली जागा रिकामी होती.

चंद्रपूरला ही जागा परकी नाही. या शहराखाली, बल्लारपूरखाली, घुग्घुसखाली कोळसा काढून झालेल्या जुन्या बोगद्यांची जाळी आहेत. छत पेलायला कोळशाचेच खांब सोडायचे आणि मधून गल्ल्या खणायच्या, अशी ती पद्धत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर लोकांच्या डोळ्यांदेखत जमिनीत गेलं. आतली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या पोकळीत आता काय आहे, कोणता खांब उभा आहे आणि कोणता पिचलाय, हे बघायला माणूस उतरवण्यात अर्थ नाही. पाणी, अंधार, पडलेला कोळसा, कुजलेले लाकडी टेकू. पायांच्या यंत्राला पाय ठेवायला जागा नाही, चाकाच्या यंत्राला वाट नाही. पण टेकायला जागोजागी आहे.

अर्थात यंत्रसाप अजून त्या लायकीचा झालेला नाही. नॉर्वेत आग विझवण्यासाठी केलेला ॲना कोंडा तीन मीटर लांब आणि ७५ किलो वजनाचा होता, आणि तो फिरायचा पाण्याच्या दाबावर. बहुतेकांना मागून वायर लागते, ती वायर प्रत्येक कोपऱ्यावर घासते आणि शेवटी तीच अडकते. बॅटरी घातली तर अंग जड. धामण एक उंदीर गिळते आणि त्यावर कितीतरी दिवस काढते. मोटरीचा खडा सांधा आणि मणक्यावरचा स्नायू यांतलं अंतर भरून यायला अजून अवकाश आहे. शिवाय कातडीचं काय? साप झिजलेली कातडी टाकून नवी घेऊन बाहेर पडतो, काटक्यांमध्ये अंग घासत घासत, तिथंही अडथळ्यांचाच उपयोग करत.

आणखी एक शंका माझ्यासारख्या इथल्या माणसाच्या मनात येणारच. आमच्या जिल्ह्यांत कोणतंही नवं यंत्र रानात शिरलं की ते काय करतं यापेक्षा ते कुणाचं आहे, हे आधी विचारलं जातं. पानाखालून आवाज न करता जाणारा, तोंडावर कॅमेरा असलेला साप. ढिगाऱ्याखालच्या माणसाला तो देवासारखा वाटेल, पण तेंदूपत्ता तोडायला पहाटे रानात गेलेल्या बाईला तो काय वाटेल? ज्यांनी तो बनवला त्यांचा हेतू ढिगाऱ्याचाच असेल. हेतू आणि मालक नेहमी एकच असतात असं नाही.

तरीही ही मंडळी एकदा इकडं यावीत असं फार वाटतं. प्रयोगशाळेतल्या खुंट्या सारख्या जाडीच्या, सारख्या अंतरावर आणि जमिनीत पक्क्या रोवलेल्या असतात. आमच्याकडची खुंटी रेटली तर कलते, कुजकी असली तर मोडते, कधी ती खुंटी नसून दुसरा सापच निघतो. यायचं तर आषाढात यावं. यंत्र आधी बांधीच्या धुऱ्यावर सोडावं, मग तणसाच्या ढिगात, मग कुठं शिल्लक असलंच तर कवेलूच्या छपरावर. मामाजींना बोलवून घेऊ, ते दोन मिनिटं बघतील आणि काय चुकतंय ते सांगतील. राहायची सोय मावसभावाकडे होईल. जेवायला नव्या धानाचा भात मिळणार नाही, जुन्यावर भागवावं लागेल. झोपायला खाट देऊ, मच्छरदाणी देऊ. ती गादीखाली चारी बाजूंनी खोचून घ्यायचं काम तेवढं त्यांनी करावं.